‘नाही’ म्हणण्याची नोकरी

ज्यांना नोकरी लागते त्यांचे किस्से होत नाहीत. ते सोमवारी सेफ्टी शूज घालून येतात, महिन्याभरात कॅन्टीनच्या उसळीला नावं ठेवायला लागतात आणि आमच्यातलेच एक होऊन जातात. किस्से होतात ते ज्यांना आम्ही नाही म्हणतो त्यांचे. आणि ते साठतच जातात, कारण एका जागेवर एकाला घ्यायचं तर बाकी सगळ्यांना नाही म्हणावंच लागतं. वर्षानुवर्षं मी हेच करत आले आहे. पगार माणसं घेण्याचा मिळतो, काम मात्र माणसं परत पाठवण्याचं.

मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत एचआरला आहे. राहायला पेणला. रोज सकाळी कंपनीच्या बसने वडखळ, कासू, नागोठणे करत रोह्याला आणि तिथून पुढे धाटावला. या सगळ्या रस्त्यावर एकही स्टॉप असा नाही, जिथल्या कुणाला तरी मी नाकारलेलं नाही. मोठ्या शहरात म्हणे नाकारलेला माणूस परत आयुष्यात दिसत नाही. आमच्याकडे तो संध्याकाळी भाजीवाल्याकडे आपल्या शेजारी उभा राहून वांगी निवडत असतो.

त्यातून आमच्या घरातच एक अर्जदार आहे. माझा मुलगा ओंकार. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय आणि दोन वर्षं घरी आहे. माझ्या कंपनीत त्याला लावायचं नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, कारण तसं एकदा केलं की दुसऱ्याच्या मुलाला नाही म्हणायला तोंड राहत नाही. त्यामुळे दिवसभर मी लोकांच्या मुलांना नाही म्हणते आणि घरी आल्यावर माझ्या मुलाला कुणी हो म्हटलं का ते विचारते. बहुतेक वेळा त्याला साधं ‘नाही’सुद्धा आलेलं नसतं. तो मान हलवतो आणि ताट वाढून घेतो. मला त्याचा जीव तुटताना दिसतो, पण त्यावर एचआरकडे काही उपाय नाही.

एवढं आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना ही बाई खुर्चीत बसून मजा बघत होती असं कुणाला वाटायला नको. नावं बदलली आहेत. फक्त हरेशचं बदललेलं नाही, कारण त्याने स्वतःच सांगितलं की माझं खरं नाव घाला.

*

मी लागले तेव्हा आमचे मॅनेजर होते सबनीस साहेब. अतिशय सज्जन माणूस. इतका सज्जन, की त्यांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघायचाच नाही. मुलाखत कितीही वाईट झाली तरी ते उठायचे, मुलाच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, “कळवतो.”

साहेब पुण्याचे. त्यांच्याकडे मुलगी बघून झाल्यावर पाहुणे ‘कळवतो’ म्हणाले की काय समजायचं ते घरातली लहान पोरंसुद्धा समजतात. आमच्याकडे साहेबाने खांद्यावर हात ठेवून कळवतो म्हटलं, म्हणजे काम झालं. हे साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं.

कासूच्या बाजूचा एक मुलगा असाच खांद्यावर हात घेऊन घरी गेला. पुढे काही महिने गेले. एके दिवशी गेटवरून फोन आला की पाहुणे आलेत. तीन माणसं होती. पुढे एक म्हातारे गृहस्थ, डोक्यावर टोपी, हातात मिठाईचा बॉक्स.

“आमच्या जावयाचं खातं बघायला आलो,” ते म्हणाले आणि जावयाचं नाव सांगितलं.

सबनीस साहेबांचा चेहरा उतरला. “लग्न झालं?”

“साखरपुडा झाला. तुमीच नाय का त्याच्या खांद्यावर हात ठेवलाव? त्यावरच तर आमी सुपारी फोडली.”

साहेब “एक मिनिट हं” म्हणून बाथरूममध्ये गेले ते अर्धा तास बाहेर आले नाहीत. पाहुणे आणि मिठाई माझ्यासमोर. मी म्हटलं, “काका, हे तुम्ही जावयालाच विचारा.” म्हाताऱ्यांनी हळूच मिठाईचा बॉक्स परत पिशवीत घातला. त्यांना कळलं होतं.

लग्न मोडलं नाही. मुलीने सांगितलं की नोकरीचं काय, ती लागेल, आणि ती लागलीही, नागोठण्याला. पण साहेबांनी धसकाच घेतला. दुसऱ्या दिवशी पहिला मुलगा केबिनमध्ये आला, खुर्चीला हात लावला, आणि साहेब म्हणाले, “नाही.”

मुलगा म्हणाला, “साहेब, मी एसी दुरुस्तीला आलोय.”

*

हरेश खाडीकडच्या गावातला. वडील मिठागरात, हा आयटीआय केलेला. लेखी परीक्षेत पहिला आला, मुलाखतीत सगळ्यांना आवडला. ऑपरेटर म्हणून घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. राहिलं होतं फक्त मेडिकल.

मेडिकलमध्ये रंगीत ठिपक्यांची चित्रं दाखवतात. ठिपक्यांत एक आकडा लपलेला असतो, तो ओळखायचा. हरेशला तो दिसेना. लाल आणि हिरवा त्याला सारखेच दिसतात हे त्याला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. आमच्या प्लांटमध्ये कुठल्या पाइपातून अ‍ॅसिड जातं आणि कुठल्यातून पाणी, हे रंगावरून ओळखतात. तिथे दया दाखवून चालत नाही.

मी त्याला समोर बसवून सांगितलं. तोवर सबनीस साहेब रिटायर झाले होते आणि ‘नाही’ म्हणण्याचं खातं माझ्याकडे आलं होतं.

“मॅडम, एवढी वर्षं बाईक चालवतो, एक सिग्नल नाय तोडला.”

“तुमच्या गावात सिग्नल आहे कुठे, हरेश?”

तो हसला नाही. खुर्ची मागे ढकलून उठला. आमच्या गेटच्या आत टँकर वळतात, म्हणून बाहेरच्या गाड्यांच्या चाव्या गेटवर खिळ्याला अडकवून ठेवायची पद्धत आहे, म्हणजे गाडी आड आली तर सरकवता येते. हरेशने खिळ्यावरची चावी ओढली आणि बाईक रागारागात बाहेर काढली. रोह्याच्या पुलाच्या अलीकडे वळणावर घसरला. हात मोडला. हेल्मेट आमच्या गेटवरच राहिलं होतं, तरी डोकं वाचलं हे नशीबच.

गेटवर आमचे जाधव काका असतात. संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “मॅडम, नाय ऐकलेल्या माणसाला लगेच चावी द्यायची नाय. आधी चहा द्यायचा. चहाला माणूस खाली बसतो. बसला की राग पण बसतो.”

त्या दिवसापासून हा नियम झाला. कंपनीच्या कुठल्याही कागदावर तो नाही, पण आजतागायत मोडलेला नाही. मी आतून फोन केला की जाधव काका खिळ्यावरची चावी काढून स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकतात आणि चहा मागवतात. ज्यांना नोकरी मिळते त्यांना चहा नाही. त्यांना थेट मेडिकलला आणि तिथून सेफ्टी ट्रेनिंगला पाठवतात, कॅन्टीनचा चहा तर त्यांना पुढे आयुष्यभर प्यायचाच असतो. मुलगा गेटवर येतो, हात पुढे करतो.

“काका, चावी?”

“चहा झाल्यावर.”

हे इतकं पसरलं की धाटावात आता मुलं एकमेकांना विचारतात, काय रे, चहा मिळाला का? आणि मिळाला म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

प्लास्टरमधला हात गळ्यात घालून हरेश हेल्मेट न्यायला आला, तेव्हा जाधव काकांनी त्यालाही बसवलं आणि चहा दिला. तो म्हणाला, “त्या दिवशी का नाय दिलाव?”

“तुझ्यापासूनच सुरू झाला.”

त्याने दोन कप घेतले. मी खाली गेले तर मला म्हणाला, “मॅडम, मग मी आता करू काय?” हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि अजूनही याचं उत्तर मला येत नाही. जाधव काकाच म्हणाले, “पेणला गणपतीच्या कारखान्यात माणसं लागतात बघ.”

“रंग दिसत नाय म्हणून इथून हाकलला, आणि गणपती रंगवायला पाठवताव?”

“रंगवायला कोण सांगतंय? उचलायला जा.”

*

सबनीस साहेबांच्या पाहुण्यांपासून मी एक नियम केला. निकाल फक्त अर्जदाराला. आई, बाप, मामा, सासरा, सरपंच, कुणालाही नाही. ऐकायला सोपं वाटतं. आमच्याकडे मात्र नोकरी मुलाला नाही, घराला लागते, त्यामुळे निकाल घरालाच हवा असतो.

नागोठण्याच्या अलीकडच्या एका गावातून एक बाई आल्या. भातशेतीवाल्या, अंगाने काटक, हातात कडव्या वालांची पिशवी. वाल टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, “माझ्या राजेशला का नाय घेतलाव?”

मी फाइल उघडली. राजेशला आम्ही घेतलं होतं. ऑफर दिली होती. त्यानेच आठवड्याने येऊन सांगितलं होतं की मला अ‍ॅसिडच्या वासात शिफ्ट करायची नाही, मी मित्राबरोबर मोबाइलचं दुकान टाकतोय. जाता जाता म्हणाला होता, “मॅडम, घरी नका कळवू.”

“मावशी, हे राजेशलाच विचारा.”

“तो काय सांगणार बिचारा. दोन दिवस जेवला नाय धड. बोलतो, आई, नाय घेतला त्यांनी.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी त्याला जन्म दिलाय, आणि तू मला सांगत नाय गो?”

मी म्हटलं, “मला सांगता येत नाही, मावशी.” एवढं एकच वाक्य मी तीन-चारदा म्हटलं. त्यांनी कंपनीला, मॅनेजरला आणि मला जे काही सुनावलं ते सगळं मी ऐकून घेतलं. खरं सांगून टाकावं असं दर मिनिटाला वाटत होतं. शेवटी त्या उठल्या, वालाची पिशवी उचलली आणि दारातून वळून म्हणाल्या, “तुला पण पोरगा असंल ना? मग कळंल.”

मला होता. तेव्हा तो कॉलेजला होता.

*

मधे एकाचे धमकीचे फोन सुरू झाले. नापास झालेला एक मुलगा, रोज सकाळी सव्वानऊला ऑफिसच्या नंबरवर. “मॅडम, तुम्हाला बघून घेईन.” बस एवढंच, आणि फोन ठेवून द्यायचा.

या गोष्टी मी हसण्यावारी नेत नाही. नाकारलेल्या माणसाशी बोलताना माझी खुर्ची दाराजवळ असते, दार उघडं असतं, बाहेर कुणीतरी असतं, आणि माझा स्वतःचा मोबाइल नंबर मी कुणाला देत नाही. फोनवर वाद घालायचा नाही, उलट बोलायचं नाही. मॅनेजरना सांगितलं, पोलीस स्टेशनला रीतसर कळवलं. हे सगळं करूनही मी घाबरले होते. पेणला बसमधून उतरल्यावर घरापर्यंतच्या रस्त्यावर मागे वळून बघत होते.

एके दिवशी सव्वानऊला फोन आला नाही. साडेनऊ झाले, दहा झाले. जाधव काका दोनदा येऊन विचारून गेले. आम्हाला वाटलं, आता हा स्वतःच येतो की काय. गेटवर आणखी एक माणूस उभा केला, मला त्या दिवशी बसपर्यंत सोडायला दोघं आले.

दुसऱ्या दिवशी बरोबर सव्वानऊला फोन वाजला.

“मॅडम, काल नाय जमलं. ताप होता.” आणि मग जरा थांबून, “तुम्हाला बघून घेईन.”

हवालदारांनी त्याला आणि त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं, समजावलं, तेव्हा फोन बंद झाले. पुढे बरेच दिवस सव्वानऊ वाजले की आमची सगळ्यांची नजर फोनकडे जायची.

*

एकदा गेटवर चाळीसेक माणसं जमली. पुढे एक भाऊ. भाऊ कुठल्या पक्षाचे ते विचारू नका, ते त्यांनाही त्या वर्षी नक्की नव्हतं. मागणी एकच, आमच्या गावच्या संतोषला का डावललं ते इथे, सगळ्यांसमोर सांगा.

सगळ्यांसमोर सांगायचं नाही, हा दुसरा नियम. एखाद्याला गणित आलं नाही हे गावाला ओरडून सांगितलं तर तो मुलगा उद्या गावात तोंड कसं दाखवेल? मी भाऊंना म्हटलं, तुम्ही आणि संतोष दोघं आत या, मी संतोषशी बोलते. भाऊ म्हणाले, जे काय बोलायचं ते जनतेसमोर. जनता घोषणा द्यायला लागली. “संतोषला न्याय मिळालाच पाहिजे!”

ऊन वाढलं. जाधव काकांनी सगळ्यांना पाणी दिलं. मी विचारलं, “पण संतोष आहे कुठे?”

भाऊंनी मागे बघितलं. मागच्यांनी आणखी मागे बघितलं. संतोष कुठेच नव्हता.

तेवढ्यात समोरच्या कंपनीची पहिली शिफ्ट सुटली. टू-व्हीलरवाले बाहेर पडायला लागले. त्यातला एक गर्दी बघून थांबला. अंगात त्या कंपनीचा युनिफॉर्म, हँडलला डबा. पाय टेकवून त्याने मागच्या माणसाला विचारलं, “काय रे, कुणासाठी हाय मोर्चा?”

मागचा माणूस त्याच्याकडे बघतच राहिला. “तुझ्यासाठी.”

संतोष तिकडे लागून पंधरा दिवस झाले होते. भाऊंना कुणी सांगितलंच नव्हतं. भाऊ हात वर करून म्हणाले, “बघा, आपल्या लढ्याला यश आलं.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संतोषनेही वाजवल्या.

*

पेणच्या बाजारात माझी एक ठरलेली मासेवाली आहे, पारूबाई. तिचा मुलगा आमच्याकडे आला होता. चांगला होता, पण जागा एकच होती आणि त्याच्यापेक्षा एक जास्त चांगला होता. मी त्याला स्पष्ट सांगितलं की यावेळी नाही, पुढे जागा निघाली तर कळवते.

रविवारी मी बाजारात गेले. पारूबाईच्या पुढ्यात पापलेट, बोंबील, कोलंबी, सगळं मांडलेलं. मी बोंबलांकडे हात केला.

“बोंबील नाय.”

“हे काय समोर आहेत.”

“तुला नाय.” शेजारच्या गिऱ्हाइकाला बोंबील बांधता बांधता तिने माझ्याकडे वर बघितलं. “आले की कळवते.”

आसपासच्या सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मलाही हसू आलं, पण मासे काही मिळाले नाहीत. दुसरीकडे गेले तर तिथेही नाही, सगळ्या एकमेकींच्या बहिणी नाहीतर जावा. तीन रविवार आम्ही घरी वरण-भात खाल्ला. नवरा म्हणाला, “त्याला घेऊन टाक ना गं.” हे त्याने पापलेटासाठी म्हटलं होतं, मुलासाठी नाही.

चौथ्या रविवारी तिने स्वतःहून हाक मारली. पिशवीत बोंबील भरले आणि हळू आवाजात विचारलं, “तुझा पोरगा पण घरीच हाय म्हणतात अजून?”

“हो गं.”

तिने आणखी मूठभर बोंबील वर टाकले. “लागंल,” म्हणाली.

*

आता हरेशचं राहिलं.

गणपती उचलायला गेलेला हरेश उचलता उचलता पॅकिंग शिकला, पॅकिंगवरून मालाची पाठवणी बघायला लागला, आणि काही वर्षांनी हमरापूरच्या बाजूला त्याने स्वतःचा कारखाना काढला. मूर्ती परदेशात जातात, बोटीने, कितीतरी महिने आधी. रंगाच्या खात्यात तो पाऊल टाकत नाही. तो स्वतःच सगळ्यांना सांगतो की मना लाल-हिरवा कळत नाय म्हणून धाटावला नाय घेतला, म्हणून मीही सांगते. दर दिवाळीला तो जाधव काकांसाठी चहा पावडरचा पुडा पाठवतो.

यंदा त्याला पाठवणी बघणारा माणूस हवा होता. ओंकारने कुठेतरी वाचलं आणि मला न सांगता अर्ज केला. मुलाखतीहून परत आला तो वेगळाच मुलगा. दोन वर्षांत इतका बोललेला मी त्याला बघितला नव्हता. मूर्तीचा हात प्रवासात कुठे तुटतो, खोक्यात आधार कुठे द्यायला हवा, हे त्याने जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून आम्हाला समजावलं. “आई, ते सर मस्त आहेत. दोन तास बोलत होतो आम्ही. बुधवारी सांगतो म्हणाले.” त्या रात्री त्याने तिसरी भाकरी मागून घेतली. मी वाढली आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू येत होतं.

बुधवारी मी सुट्टी टाकली. कारण काही नव्हतं. सकाळपासून ओंकार फोन हातात घेऊन बसला होता, मध्येच फोन चालू आहे ना ते बघत होता. फोन वाजत नव्हता. जेवणं झाली. मला ते बघवेना. बँकेत जाऊन येते असं सांगून मी स्कूटी काढली आणि हमरापूरच्या रस्त्याला लागले. आपण काय करतोय हे मला नीट कळत होतं. इतक्या आयांना मी माझ्या टेबलासमोरून परत पाठवलं आहे.

कारखान्याच्या दारातली बाई म्हणाली, “ताई, चावी खिळ्याला लावा, टेम्पो यायचाय.” मी चावी अडकवली आणि आत गेले. पांढरे, अजून न रंगवलेले गणपती ओळीने मांडलेले. एका कोपऱ्यात दोन मुली मान खाली घालून डोळ्यांची आखणी करत होत्या. हरेशने मला बघितलं आणि हातातलं काम टाकून आला.

“मॅडम. इकडे कुठं?”

“इकडून जात होते. म्हटलं कारखाना बघावा.”

त्याने कारखाना दाखवला. अगदी सगळा, शेवटच्या शेडपर्यंत. मध्येच एकदा टेम्पो आला का बघतो म्हणून दारापर्यंत जाऊन आला. पॅकिंगच्या टेबलावर एक लाकडी खोकं होतं, आत हाताच्या खाली आधार बसवलेला. वाट्या मांडून ओंकारने दाखवला होता तसाच. मी त्या खोक्यावर हात ठेवला आणि शेवटी विचारलंच.

“ओंकारचं काय ठरलं, हरेश?”

त्याने खाली बघितलं. “कोण विचारतंय? कंपनीच्या मॅडम का ओंकारची आई?”

“आई.”

“मग नाय सांगता येणार, मॅडम. अर्जदारालाच सांगतो. चार वाजता बोलवणार हाय त्याला. समोर बसवून सांगेन, फोनवर नाय.”

मी मान हलवली. बरोबरच होतं त्याचं. मी त्याला म्हटलंही, “बरोबर आहे.” आणि पर्स उचलून दाराकडे गेले.

खिळ्यावर माझी चावी नव्हती. मी खाली बघितलं, पडली की काय. मागून हरेश आला. त्याच्या शर्टाच्या खिशातून माझ्या चावीला लावलेली लाल फीत बाहेर आली होती. त्याने आत तोंड करून दोन चहा सांगितले आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

“चावी?” मी विचारलं.

“चहा झाल्यावर,” हरेश म्हणाला.